नाव न विचारलेली माता

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे काँग्रेसचे जे प्रचंड ग्रंथालय आहे, त्यात ग्रंथांखेरीज एक निराळाच संग्रह जतन करून ठेवलेला आहे. सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्हांचा हा संग्रह. त्यातील फार मोठा भाग कुळे, मोलमजूर, त्यांच्या झोपड्या, मोडक्या मोटारी आणि रस्त्याच्या कडेला मांडलेल्या चुली यांनी व्यापलेला आहे. ही छायाचित्रे कोणा वृत्तपत्राने किंवा विरोधी पक्षाने काढविलेली नाहीत. ती सरकारने, पगारी माणसे नेमून, सरकारी पैशाने काढविली. आपल्याच राज्यातील दारिद्र्य एखाद्या सरकारने मुद्दाम उजेडात आणावे, ही गोष्ट तेव्हाही विलक्षण होती. सरकारे सहसा असली दृश्ये झाकण्यासाठीच पैसा खर्च करतात.

हे घडले १९३० नंतरच्या दशकात. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत त्या धनाढ्य देशातील काम करणाऱ्या लोकांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा बेकार झाला. शेतकऱ्याची दैना मात्र त्याच्याही आधीची. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव चढला, तेव्हा अमेरिकेच्या मध्यभागातील सपाट मुलखात, जेथे युगानुयुगे केवळ गवत उगवत होते, तेथे लक्षावधी एकर जमीन नांगराखाली आली. गवताच्या मुळ्यांनी धरून ठेवलेली माती मोकळी झाली. पुढे भाव उतरले, पाठोपाठ अवर्षण आले, आणि वारा ती माती उचलून नेऊ लागला. १४ एप्रिल १९३५ या दिवशी धुळीचा असा काही लोट उठला की दिवसाउजेडी अंधार पडला. त्या मुलखात हा दिवस 'काळा रविवार' म्हणून आजही ओळखला जातो.

परंतु सगळे खापर वाऱ्याच्या माथी फोडणे बरोबर होणार नाही. ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा आणि मिझुरी या राज्यांतून त्या दशकात तीन लाखांहून अधिक माणसे कॅलिफोर्नियाकडे गेली. त्यांतील बहुतेकांचे गाव धुळीच्या पट्ट्यात नव्हतेच. पुष्कळजण कापसाच्या मुलखातील होते, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारी कुळे होती. १९३३ साली सरकारने शेतमालाचे भाव सावरण्यासाठी कायदा केला. पेरा कमी करा, म्हणजे माल कमी येईल, भाव चढेल, आणि पडीक ठेवलेल्या जमिनीबद्दल सरकार पैसे देईल, असा त्याचा मतलब. पैसे मालकाच्या हाती पडले. मालकाने जमीन पडीक टाकली, कुळाला वाट दाखविली, आणि त्याच पैशातून कित्येकांनी ट्रॅक्टर घेतला. शेतकऱ्यास तारण्यासाठी काढलेल्या योजनेनेच कुळाच्या पायाखालची जमीन काढून घेतली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ही कुटुंबे जुनी मोटार घेऊन, तिच्यावर गाद्या, भांडी आणि पोरे लादून पश्चिमेस निघाली. कॅलिफोर्नियाची शेती म्हणजे चार बिघ्यांची घरची शेती नव्हे. तेथे शेकडो एकरांचे मळे, आणि एकेका मळ्यात एकच पीक: कोठे वाटाणा, कोठे कोशिंबिरीचा पाला, कोठे कापूस, कोठे द्राक्षे. प्रत्येक पिकाला दोन-चार आठवडे हजारो हात लागतात आणि मग वर्षभर एकही लागत नाही. पूर्वी हे काम चिनी, जपानी, फिलिपिनो आणि मेक्सिकन मजुरांकडून करवून घेत. मंदीच्या पहिल्या वर्षांत लाखो मेक्सिकनांना, त्यांत अमेरिकेतच जन्मलेले पुष्कळ, दडपणाने वा सक्तीने मेक्सिकोस धाडण्यात आले. त्यांच्या जागी आता हे ओक्लाहोमाकडील गोरे लोक आले. शंभर माणसे हवी असता हजार जमली, की मजुरी खाली आणण्यासाठी मालकाला वेगळी खटपट करावी लागत नाही. १९३५ च्या कामगार कायद्याने कारखान्यातील कामगारांना संघटनेचा हक्क दिला, पण शेतमजुरांना त्यातून स्पष्टपणे वगळले. फेब्रुवारी १९३६ मध्ये तर लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाने आपले १३६ शिपाई राज्याच्या सरहद्दीवर उभे केले, आणि खिशात पैसे नसलेल्यांना परत फिरविण्याचा सपाटा लावला. देश एक, झेंडा एक, आणि सरहद्दीवर शहर पोलीस! गरिबाला राज्यात आणणे हा गुन्हा ठरविणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९४१ साली रद्द केला.

अशा वेळी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने १९३५ मध्ये पुनर्वसनाचे एक खाते उघडले. दोन वर्षांनी त्याचेच रूपांतर 'फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन' या शेतकी खात्याच्या शाखेत झाले. निराश्रित शेतकऱ्यांना कर्ज देणे, त्यांना पुन्हा जमिनीवर बसविणे, फिरत्या मजुरांसाठी स्वच्छ छावण्या बांधणे ही त्याची कामे. या कामांवर पैसा खर्च करावयाचा, तर तो का करावयाचा हे शहरांतील करदात्यांना आणि काँग्रेसच्या सभासदांना पटविणे भाग होते. त्यासाठी रॉय स्ट्रायकर नावाच्या गृहस्थांकडे छायाचित्रांचा विभाग सोपविण्यात आला. स्ट्रायकर मूळचे अर्थशास्त्राचे अध्यापक. त्यांना स्वतःला कॅमेऱ्यातले फारसे कळत नव्हते. परंतु वॉकर इव्हान्स, आर्थर रॉथस्टाइन, रसेल ली, बेन शान आणि डोरोथिआ लँग अशी एकाहून एक समर्थ माणसे त्यांनी जमविली.

डोरोथिआ लँग यांचा जन्म १८९५ मधला, न्यूयॉर्कनजीकच्या होबोकन गावचा. सातव्या वर्षी पोलिओ झाला आणि उजवा पाय जन्माचा अधू राहिला. सान फ्रान्सिस्कोत त्यांनी स्टुडिओ थाटला होता, आणि श्रीमंत कुटुंबांच्या तसबिरी काढून त्यांचे बरे चालले होते. १९३३ मध्ये स्टुडिओच्या खिडकीतून रस्त्यावरचे बेकार दिसू लागले, तेव्हा कॅमेरा घेऊन त्या खाली उतरल्या. फुकट भाकरीच्या रांगेत, पाठ फिरवून, टिनचा पेला हातांत धरून उभा राहिलेला एक म्हातारा त्यांनी टिपला, आणि तेथून त्यांचा मार्ग बदलला. पुढे पॉल टेलर या बर्कलीच्या अर्थशास्त्रज्ञांनी शेतमजुरांच्या पाहणीसाठी त्यांना बरोबर घेतले. छायाचित्रकाराची जागा सरकारी अंदाजपत्रकात नव्हती, म्हणून त्यांची नेमणूक कागदोपत्री टंकलेखिका म्हणून झाली. या दोघांच्या सचित्र अहवालामुळे मेरिझव्हिल आणि आर्व्हिन येथे मजुरांच्या पहिल्या सरकारी छावण्या उभ्या राहिल्या. डिसेंबर १९३५ मध्ये दोघांनी लग्नही केले. टेलर आकडे मांडीत आणि लँगबाई चेहरे. त्याशिवाय लँगबाई मजुरांच्या तोंडची वाक्ये जशीच्या तशी टिपून चित्राखाली लिहीत. ही त्यांची नित्याची रीत होती, आणि पुढील हकिकतीसाठी ती ध्यानात ठेवावयास हवी.

मार्च १९३६. महिनाभर शेतांतून हिंडून लँगबाई एकट्याच मोटारीने घराकडे निघाल्या होत्या. पाऊस पडत होता, सामान बांधलेले, फिल्म भरून झालेली. निपोमो गावाजवळ रस्त्याच्या कडेला वाटाणा तोडणाऱ्यांच्या तळाची पाटी दिसली. त्या थांबल्या नाहीत. पुढे वीस मैल मन स्वस्थ बसेना. बरोबर पुष्कळ चित्रे आहेत, आणखी एकाने काय होणार, असा वाद त्यांनी स्वतःशीच घातला, आणि अखेर ओल्या रस्त्यावर मोटार वळविली. वाटाण्याचे पीक गारठ्याने आणि पावसाने नासले होते. तोडणीच नाही, म्हणून मजुरीही नाही, आणि पुढच्या गावी जावयास पेट्रोल नाही, अशा अवस्थेत तेथे अडीच हजारांच्या आसपास माणसे अडकली होती. तळाच्या तोंडाशीच एका फाटक्या तंबूत एक बाई मुलांना घेऊन बसली होती. लँगबाई तिच्याकडे गेल्या, आणि जड ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याने दर वेळी थोडे अधिक जवळ जात काही चित्रे घेतली. सगळे मिळून दहा मिनिटे. तळावरच्या दुसऱ्या कोणाकडेही त्या गेल्या नाहीत.

ही चित्रे क्रमाने पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. पहिल्यात सबंध तंबू आहे, पेटी आहे, खुर्चीवर बसलेली वयात येऊ पाहणारी मुलगी आहे, भोवतीचा उघडा माळ आहे. कॅमेरा पुढे सरकतो तसतसे हे एकेक बाहेर पडते. शेवटल्या चित्रात उरते ती आई, तिच्या दोन खांद्यांवर मान टाकून तोंडे फिरवून उभी असलेली दोन मुले, आणि मांडीवर मळक्या कपड्यात गुंडाळलेले तान्हे. आईचा एक हात गालाशी टेकलेला. नजर कॅमेऱ्याकडे नाही, कोठे तरी दूर. उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेल्या हाताचा अंगठा तेवढा दिसत होता. तो नजरेला खुपतो म्हणून लँगबाईंनी १९३९ मध्ये निगेटिव्हवर तोही पुसट करविला. स्ट्रायकरसाहेबांना हे मुळीच आवडले नाही. सरकारी कागदात फेरफार होऊ नये, हे त्यांचे म्हणणे.

घरी पोचताच लँगबाईंनी प्रती काढल्या आणि 'सान फ्रान्सिस्को न्यूज' या पत्राच्या संपादकांना नेऊन दाखविल्या. १० मार्चच्या अंकात भुकेल्या मजुरांची बातमी त्यांपैकी दोन चित्रांसह झळकली. जे चित्र पुढे जगप्रसिद्ध झाले ते दुसऱ्या दिवशी छापले गेले. सरकारी यंत्रणा हलली आणि वीस हजार पौंड अन्नसामग्री निपोमोच्या तळावर रवाना झाली. छायाचित्राने इतक्या थोड्या अवधीत इतके रोकडे काम केल्याची उदाहरणे फार नाहीत. अन्न आले तेव्हा मात्र ती बाई आणि तिची मुले तेथे नव्हती. मोटार दुरुस्त करून ती वॉटसनव्हिलकडे निघून गेली होती.

त्या सरकारी विभागाची सर्वच चित्रे अशी निर्वेधपणे लोकांपुढे आली, असे नाही. त्याच वर्षी मे महिन्यात रॉथस्टाइन यांनी दक्षिण डाकोटाच्या भेगाळलेल्या भूमीवर पडलेल्या बैलाच्या कवटीची चित्रे घेतली. प्रकाश साधण्यासाठी त्यांनी ती कवटी थोडी इकडेतिकडे हलविली होती. निवडणुकीचे वर्ष होते. ऑगस्टमध्ये अध्यक्षांची गाडी अवर्षणग्रस्त भागात येताच एका स्थानिक पत्राने ही कवटी बाहेर काढली, आणि सरकार दुष्काळ बनवून दाखविते अशी हाकाटी देशभर झाली. अवर्षण खरे होते, कवटीही खरी होती, पण दहा-पाच फुटांच्या त्या हालचालीने सगळ्या खात्याच्या सचोटीवर बोट ठेवावयास जागा मिळाली. दुसरी गोष्ट याहून कमी बोभाट्याची, पण इतिहासाच्या दृष्टीने अधिक गंभीर. नापसंत ठरलेल्या निगेटिव्हांना स्ट्रायकर पंचाने भोक पाडीत, म्हणजे त्यांची पुन्हा चांगली प्रतच निघू नये. माणसाच्या चेहऱ्यावर, शेताच्या मध्यावर, आकाशात काळी वर्तुळे उमटलेली ती चित्रे आज त्या संग्रहात पाहावयास मिळतात. छायाचित्रकारांनी तक्रारी केल्या, आणि १९३९ च्या सुमारास हा प्रकार थांबला.

काय दाखवावयाचे याची निवड भोक पाडण्याच्या फार आधी होत असे. जून १९३७ मध्ये स्ट्रायकर यांनी लँगबाईंना लिहिले की कुळांची चित्रे घेताना काळे आणि गोरे दोन्ही घ्यावेत, मात्र भर गोऱ्यांवर असावा, कारण त्यांचीच चित्रे अधिक छापली जातात. यात त्यांचा व्यक्तिशः द्वेष नव्हता. त्यांना संपादकांची आणि काँग्रेसच्या सभासदांची पारख होती. लँगबाईंनी मेक्सिकन आणि फिलिपिनो मजुरांची, निग्रो कुळांची चित्रे काढलीच. ती संग्रहात आहेत. वृत्तपत्रांतून आणि मासिकांतून मात्र मंदीचा चेहरा गोरा राहिला. वर्षानुवर्षे मेक्सिकन मजुरांनी त्याच मळ्यांत त्याच हालात काम केले, तेव्हा देशाला पाझर फुटला नव्हता.

निपोमोचे चित्र तर सर्वांत पुढे गेले. जानेवारी १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात 'द फॅमिली ऑफ मॅन' हे ५०३ छायाचित्रांचे प्रदर्शन भरले, त्यात ते होते. हे प्रदर्शन १९५६ साली भारतातही आले. मुंबईकरांनी ते पाहिले आणि त्यातील आईच्या मुद्रेपुढे तेही थबकले. प्रदर्शनात चित्राखाली छायाचित्रकाराचे आणि देशाचे नाव असे. निपोमो नाही, वाटाणा नाही, गारठा नाही. पाहणाऱ्याच्या दृष्टीने ती कोणत्याही देशाची, कोणत्याही काळाची आई झाली होती. त्या वेळी ती स्त्री जिवंत होती, कॅलिफोर्नियातच राहत होती, आणि तिचे नाव काय हे कोणालाच ठाऊक नव्हते. लोकांचे शब्द न्‌ शब्द टिपून घेणाऱ्या लँगबाईंनी त्या दहा मिनिटांत तिचे नाव विचारले नव्हते. वय तेवढे विचारले होते: ३२.

लँगबाई ऑक्टोबर १९६५ मध्ये वारल्या. १९६० साली त्यांनी त्या दिवसाची आठवण लिहून ठेवली होती. ती बाई आणि मुले शेतात गारठलेल्या भाज्यांवर आणि मुलांनी मारलेल्या पाखरांवर दिवस काढीत होती, अन्नासाठी मोटारीची टायरेही नुकतीच विकली होती, असे त्यात आहे. १९७८ मध्ये मॉडेस्टो गावच्या एका बातमीदाराने त्या बाईंचा शोध लावला, आणि पहिल्यांदाच दुसरी बाजू जगापुढे आली. त्यांचे नाव फ्लॉरेन्स थॉम्पसन. वयाची पंचाहत्तरी जवळ आलेली. त्यांच्या मुलाने सांगितले की टायरे विकलीच नव्हती, विकावयास होतीच कोठे? बाहेर मोटारीला तीच तर लावलेली होती. मोटार वाटेत बिघडली म्हणून कुटुंब तळाशी थांबले, आणि मुलगे रेडिएटर घेऊन गावात दुरुस्तीला गेले होते. तेवढ्या अवधीत चित्र निघाले. त्यांची तक्रार अशी होती की आपले नाव विचारले नाही, चित्र विकणार नाही असे सांगितले, प्रत पाठविण्याचे कबूल केले आणि ती कधी आली नाही, आणि या चित्रातून आपल्याला एक पैदेखील मिळाली नाही. या अखेरच्या बाबतीत लँगबाईंचीही स्थिती वेगळी नव्हती. निगेटिव्ह सरकारी मालकीची, सबब चित्र कोणीही छापावे. इतक्या वर्षांच्या अंतराने कोणाची आठवण कोठे घसरली, टायरांची गोष्ट दुसऱ्या एखाद्या तंबूतून या तंबूत आली काय, याचा निवाडा आता होणे नाही. नाव विचारले नव्हते, हे मात्र दोन्ही बाजूंनी सिद्ध आहे.

नावाबरोबर आणखीही बरेच काही राहून गेले होते. थॉम्पसनबाई १९०३ साली आजच्या ओक्लाहोमात, तेव्हाच्या इंडियन टेरिटरीत जन्मलेल्या, चेरोकी या आदिवासी जमातीच्या वंशातील. ज्या चित्राने गोऱ्या अमेरिकेला आपल्या रक्ताची आई म्हणून कळवळा आणविला, त्यातील आई ज्यांची भूमी गोऱ्यांनी घेतली त्या लोकांपैकी होती. धुळीच्या वादळाशीही तिचा संबंध नव्हता. ते कुटुंब १९२५ च्या सुमारासच कॅलिफोर्नियात आले होते. १९३१ मध्ये पती क्षयाने गेला, आणि त्यानंतर ही बाई मुलांना पाठीशी घेऊन बीटच्या, कापसाच्या, वाटाण्याच्या हंगामामागे फिरत राहिली. दिवसाकाठी चारशे पौंडांहून अधिक कापूस वेचत असे, असे त्या सांगत. चित्रात जी हतबल दिसते, तिच्या खात्यावर एवढे काम जमा होते. तिच्या मुलांना ते चित्र पाहून पुष्कळ वर्षे लाज वाटे. आपण दरिद्री होतो हे खरे, पण आमची आई अशी खचलेली कधी नसे, असे त्यांचे म्हणणे. पुढे लाजेच्या जागी अभिमान आला, पण तो फार उशिरा.

सरकारी खात्याच्या छावण्यांत गरजूंपैकी थोड्यांनाच जागा मिळाली. युद्ध सुरू होताच विमानांच्या आणि जहाजांच्या कारखान्यांत मजुरी मिळू लागली आणि ओक्लाहोमाकडील माणसे शेते सोडून तिकडे गेली. मळ्यांत करारावर पुन्हा मेक्सिकन मजूर आणण्यात आले. १९४२ मध्ये स्ट्रायकर यांचा विभाग युद्धाच्या प्रसिद्धी खात्यात विलीन झाला. त्याच वर्षी जपानी वंशाच्या नागरिकांना घरांतून उठवून तळांवर डांबण्यात आले, तेव्हा त्याची चित्रे काढण्यासाठी सरकारने लँगबाईंनाच नेमले. त्यांनी ती इतकी स्पष्ट काढली की लष्कराने ती युद्ध संपेपर्यंत दडवून ठेवली. जुन्या संग्रहाचे भाग्य बरे. तो १९४४ साली काँग्रेसच्या ग्रंथालयात पोचला, आणि निपोमोची निगेटिव्ह तेथेच आहे.

१९८३ मध्ये थॉम्पसनबाई अर्धांगवायूने आणि कर्करोगाने अंथरुणाला खिळल्या. शुश्रूषेचा खर्च मुलांना झेपेना, तेव्हा त्यांनी वृत्तपत्रांतून मदत मागितली. ती मागताना ते जुने चित्रच पुढे ठेवावे लागले. देशभरातून सुमारे दोन हजार पत्रे आली आणि पस्तीस हजारांहून अधिक डॉलर जमले. पुष्कळांनी लिहिले होते की मंदीत आमचीही आई अशीच होती. १६ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांचा अंत झाला. कॅलिफोर्नियात ह्यूसन गावी त्यांचे दफन झाले. थडग्याच्या दगडावर त्यांचे नाव कोरलेले आहे, आणि नावाखाली चित्राचे शीर्षक.